वार्धक्यातील व्यायाम : श्रमांची मात्रा कशी मोजावी?

औषधाची चिठ्ठी लिहिताना डॉक्टर केवळ औषधाचे नाव लिहून थांबत नाहीत. किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, जेवणापूर्वी की जेवणानंतर, हे सारे त्या चिठ्ठीवर नमूद केलेले असते. व्यायामाच्या बाबतीत मात्र 'रोज थोडे चालत जा' एवढ्या सल्ल्यावर आपण समाधान मानतो. 'थोडे' म्हणजे किती आणि ते कोणासाठी, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. पंचविशीतील तरुणाच्या बाबतीत ही संदिग्धता एक वेळ खपून जाते. सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीच्या बाबतीत ती दोन्ही बाजूंनी महाग पडते. मात्रा कमी पडली तर व्यायामाचा लाभ मिळत नाही आणि ती अधिक झाली तर अपाय होण्याची शक्यता असते.

या संदिग्धतेतून घराघरांत दोन प्रकारच्या चुका घडताना दिसतात. पहिली चूक प्रेमापोटी होते. 'आता वय झाले, आपण बसून राहा, काय हवे ते आम्ही हातात देतो,' असे म्हणून कुटुंबीय वडीलधाऱ्यांची उठबस हळूहळू थांबवितात. काही महिन्यांत मांड्यांतील बळ ओसरते आणि ज्यांना जपले, त्यांनाच खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागतो. दुसरी चूक उत्साहापोटी होते. शेजारच्या गृहस्थांनी दहा हजार पावले पूर्ण केली म्हणून आपणही करावीत, असे ठरवून एखादे आजोबा पहिल्याच आठवड्यात गुडघे सुजवून घेतात किंवा छातीतील दडपणाकडे दुर्लक्ष करून फेऱ्या पूर्ण करतात. व्यायामाची तीव्रता मोजण्याची साधी रीत ठाऊक असेल, तर या दोन्ही चुका टाळता येतात. ती रीत समजावून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

एकच चाल, निरनिराळे श्रम

नाशिकमध्ये गोल्फ क्लब या नावाने परिचित असलेल्या अनंत कान्हेरे मैदानावर सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते. समजा, तेथे पंचेचाळीस वर्षांचा मुलगा आणि त्याची बहात्तर वर्षांची आई एकाच वेगाने चालत आहेत. दोघांचे अंतर सारखे, वेळ सारखा आणि मनगटावरील घड्याळात उमटलेली पावलेही जवळपास सारखीच. तथापि दोघांचा व्यायाम सारखा नसतो.

याचे कारण समजण्यासाठी 'मेट' हे एकक उपयोगी पडते. स्वस्थ बसलेले असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरते, तिला एक मेट म्हणतात. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दर मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलिटर प्राणवायू, असा तिचा रूढ हिशेब आहे. सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी वेगाने चालण्यास तीन ते साडेतीन मेट लागतात, तर सावकाश जिना चढण्यास सुमारे चार. आता मुलाची कमाल क्षमता दहा मेट असेल, तर ही चाल त्याच्या क्षमतेच्या जेमतेम एक तृतीयांश ठरते. आईची कमाल क्षमता पाच मेट असेल, तर तीच चाल तिच्या क्षमतेच्या जवळजवळ दोन तृतीयांश होते. मुलगा फिरायला आलेला असतो, आई मात्र परिश्रम करीत असते.

वयाच्या तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकात साधारणतः दहा टक्क्यांनी घटते आणि सत्तरीनंतर ही घट अधिक वेगाने होते. म्हणून ज्येष्ठांच्या व्यायामाचे मोजमाप किलोमीटर अथवा पावले यांवरून करणे अपुरे आहे. ते प्रत्येकाच्या स्वतःच्या क्षमतेशी ताडून पाहावे लागते. पुढे सांगितलेल्या सर्व पद्धतींचा पाया हाच आहे.

अर्धशक्तीचा जुना विचार

हा विचार आपल्या परंपरेला अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेत आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे. ही अर्धशक्ती ज्याची त्याची स्वतःची असते. ती ओळखण्यासाठी कपाळावर व सांध्यांच्या ठिकाणी येणारा घाम, तोंडाला पडणारी कोरड, तोंडाने चालू लागणारा श्वास अशा शरीराच्याच खुणा प्राचीन वैद्यांनी दिल्या होत्या. थंडीत व वसंतात अर्धशक्ती आणि इतर ऋतूंत त्याहून कमी, असा ऋतुभेदही वाग्भटाने केला आहे. ज्या नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि एप्रिल-मे महिन्यांत चाळीसच्या आसपास जातो, तेथील रहिवाशांना या भेदाचे मर्म सहज पटेल.

वाग्भटाने मात्र वृद्धांची गणना व्यायाम वर्ज्य करावा अशांमध्ये केली आहे. या मुद्द्यावर आजचे वैद्यकशास्त्र वेगळ्या निष्कर्षाला आले आहे. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शुश्रूषागृहातील सरासरी नव्वद वर्षे वयाच्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे देखरेखीखाली पायांच्या स्नायूंचा बलवर्धक व्यायाम देण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या स्नायूंचे बळ सरासरी दुपटीहून अधिक वाढले. अभ्यास लहान होता, परंतु वार्धक्यातही स्नायू प्रतिसाद देतात हे त्याने दाखवून दिले. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या 'लाइफ' या मोठ्या अभ्यासात ७० ते ८९ वर्षे वयाच्या १,६३५ स्त्री-पुरुषांचा समावेश होता. नियमित व मोजून-मापून व्यायाम करणाऱ्या गटात, ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावण्याचे प्रमाण, केवळ आरोग्यविषयक व्याख्याने ऐकणाऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे १८ टक्क्यांनी कमी आढळले. चारशे मीटर म्हणजे घरापासून कोपऱ्यावरील देवळापर्यंत किंवा भाजीबाजारापर्यंतचे अंतर. ते स्वतःच्या पायांनी चालता येणे म्हणजेच वार्धक्यातील स्वातंत्र्य होय. या अभ्यासात श्रमांची मात्रा ठरविण्याचे मुख्य साधन कोणतेही महागडे यंत्र नव्हते. पुढे वर्णन केलेले श्रमांकन हेच ते साधन होते.

पहिली पद्धत : नाडी

नाडी मोजणे ही सर्वांत परिचित पद्धत. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तर्जनी व मध्यमा ही दोन बोटे हलकेच ठेवावीत. अंगठ्याने नाडी पाहू नये. चालणे थांबविताच लगेच पंधरा सेकंद ठोके मोजून त्यांना चाराने गुणावे. विलंब केल्यास ठोके झपाट्याने उतरतात आणि उत्तर चुकते.

कमाल हृदयगती काढण्यासाठी '२२० वजा वय' हे सूत्र १९७१ पासून प्रचारात आहे. वृद्धांच्या बाबतीत ते बहुधा कमी आकडा देते, म्हणून २००१ साली '२०८ वजा वयाच्या ०.७ पट' हे सुधारित सूत्र पुढे आले. सत्तर वर्षांच्या व्यक्तीची कमाल हृदयगती पहिल्या सूत्राने १५० येते आणि दुसऱ्याने १५९. त्यातून विश्रांतीच्या वेळची नाडी वजा केली की हृदयाची राखीव क्षमता मिळते. फिनलंडमधील कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये मांडलेली ही रीत आजही वापरली जाते. सकाळी उठल्यावर नाडी ७२ असेल, तर १५९ मधून ७२ वजा करता ८७ उरतात. या ८७ च्या ४० ते ६० टक्के, म्हणजे ३५ ते ५२ ठोके, ७२ मध्ये मिळविले की मध्यम व्यायामाची मर्यादा मिनिटाला १०७ ते १२४ ठोके अशी येते.

गणित सोपे आहे, पण त्यावर विसंबताना सावधगिरी हवी. ही सूत्रे अनेक व्यक्तींच्या सरासरीवर बेतलेली आहेत. एकाच वयाच्या दोन निरोगी व्यक्तींच्या कमाल हृदयगतीत वीस ठोक्यांचे अंतर असणे मुळीच असाधारण नाही. शिवाय ज्येष्ठांपैकी अनेकांना रक्तदाब अथवा हृदयविकारासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल अशी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे चालू असतात. ही औषधे हृदयाची गती मुद्दाम संथ ठेवतात. अशी व्यक्ती १२० ठोक्यांचे लक्ष्य गाठण्यासाठी धडपडू लागली, तर ती आपल्या शक्तीबाहेरचे श्रम करील. नाडी वाढत नाही म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे तर अत्यंत धोक्याचे आहे. पेसमेकर बसविलेल्या आणि नाडी अनियमित असलेल्या रुग्णांनाही केवळ नाडीवरून श्रमांचा अंदाज बांधता येत नाही. मनगटी घड्याळातील 'झोन' बहुधा वयाच्या सूत्रावरच आधारलेले असतात, त्यामुळे त्यांनाही हीच मर्यादा लागू पडते.

दुसरी पद्धत : संभाषण

जेथे नाडी फसवते, तेथे श्वास बहुधा खरे सांगतो. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येते आणि एखादा अभंगही चालीवर म्हणता येतो, तेव्हा श्रम हलके समजावेत. बोलता येते, पण गाता येत नाही, ही मध्यम तीव्रतेची खूण होय. दोन-चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावे लागत असेल, तर व्यायाम तीव्र झाला आहे. बोलणेच अशक्य झाले, तर तत्काळ वेग कमी करावा.

या चाचणीस कोणतेही साधन लागत नाही आणि बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णांनाही ती वापरता येते. ती चढावरही तितकीच उपयोगी आहे. पांडवलेण्यांच्या पायऱ्या असोत, श्रावणातील ब्रह्मगिरीची फेरी असो किंवा वणीच्या गडावरील सुमारे पाचशे पायऱ्या असोत, बोलणे तुटू लागले की थांबावे. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीची सोय आहे. शक्ती पुरेनाशी झाल्यास तिचा उपयोग करण्यात कोणताही कमीपणा नाही. फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांना मात्र थोड्या श्रमांनीही धाप लागते. त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

तिसरी पद्धत : श्रमांकन

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी १९६० च्या दशकात एक साधा प्रश्न शास्त्रीय पातळीवर नेला : 'आपणांस किती श्रम होत आहेत असे वाटते?' उत्तरासाठी त्यांनी ६ ते २० अशी श्रेणी आखली. आकडे सहापासून सुरू होण्याचे कारण असे की, निरोगी तरुणाच्या बाबतीत श्रमांकाला दहाने गुणले असता त्याच्या हृदयगतीचा स्थूल अंदाज मिळतो. या श्रेणीतील मुख्य टप्पे असे :

६ : कोणतेही श्रम नाहीत
९ : अगदी हलके
११ : हलके
१३ : काहीसे कष्टाचे
१५ : कष्टाचे
१७ : फार कष्टाचे
१९ : अत्यंत कष्टाचे
२० : कमाल श्रम

वर उल्लेखिलेल्या 'लाइफ' अभ्यासात चालण्यासाठी १३ आणि पायांच्या बलवर्धक व्यायामासाठी १५ ते १६ हे लक्ष्य होते. ज्यांना ही श्रेणी किचकट वाटते, त्यांनी शून्य ते दहा असे गुण द्यावेत. स्वस्थ बसणे म्हणजे शून्य आणि अंगातील सारी शक्ती पणाला लावणे म्हणजे दहा. त्यात पाच-सहा म्हणजे मध्यम आणि सात-आठ म्हणजे तीव्र श्रम.

हा आकडा सांगताना प्रामाणिकपणा आवश्यक असतो. आपल्याकडील अनेक वडीलधारी मंडळी, विशेषतः स्त्रिया, आयुष्यभर कष्ट उपसल्यामुळे 'काही नाही, जरा दम लागला' असे म्हणून प्रश्न टाळतात. कुटुंबीयांनी म्हणूनच 'आबा, आज किती चाललात?' एवढेच न विचारता 'आबा, आज दहापैकी किती दम लागला?' असेही विचारावे. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात अभिमान मिसळतो. दुसऱ्याच्या उत्तरातून प्रकृती कळते. काल ज्या फेरीला पाच गुण दिले होते, त्याच फेरीला आज विनाकारण आठ गुण द्यावे लागत असतील, तर ती महत्त्वाची सूचना समजावी. ताप, रक्तक्षय, हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार यांची पहिली चाहूल कित्येकदा अशीच लागते.

क्षमता कशी पाहतात?

श्रम क्षमतेशी ताडायचे, तर क्षमताही अधूनमधून मोजावयास हवी. फिजिओथेरपिस्टकडे त्यासाठी काही साध्या चाचण्या असतात. तीस मीटरच्या मोकळ्या मार्गिकेत सहा मिनिटांत किती मीटर चालता येते, हे एका चाचणीत पाहतात. दुसरीत हातांचा आधार न घेता खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा उठता येते, हे मोजतात. तिसऱ्या चाचणीत नेहमीच्या गतीने चार मीटर चालण्यास लागणारा वेळ पाहतात. तो पाच सेकंदांहून अधिक असेल, तर स्नायूंच्या दुर्बलतेची शक्यता तपासावी लागते. शस्त्रक्रियेपूर्वी 'दोन जिने न थांबता चढता का?' असा प्रश्न भूलतज्ज्ञ विचारतात, त्यामागेही हृदय व फुप्फुसांच्या राखीव क्षमतेचा अंदाज घेण्याचाच हेतू असतो.

आठवड्याची मात्रा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा अथवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र व्यायाम करावा. त्यासोबत किमान दोन दिवस स्नायूंचे बळ वाढविणारा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा समावेश असलेला व्यायाम करावा. एवढे शक्य नसेल, तर प्रकृती अनुमती देईल तेवढे करावे; अजिबात न करण्यापेक्षा थोडे केलेले निश्चित हितकर, असेही त्या सूचना सांगतात. दहा हजार पावलांचा आकडा मात्र १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. ती वैद्यकीय अट नव्हे. पावले मोजावयाचीच असतील, तर मिनिटाला सुमारे शंभर पावले ही मध्यम चालीची स्थूल खूण म्हणून लक्षात ठेवावी आणि तीही संभाषणाच्या चाचणीवर पडताळून पाहावी.

सुरुवात करणाऱ्याने प्रथम मिनिटे वाढवावीत आणि मगच वेग. आरंभीची व शेवटची पाच मिनिटे संथ असावीत. हिवाळ्यात भल्या पहाटे बाहेर पडण्याऐवजी ऊन पडल्यावर, कान-छाती झाकून निघावे. उन्हाळ्यात वेळ लवकरची ठेवावी आणि वेग कमी. बलवर्धक व्यायामात श्वास रोखून धरू नये. खुर्ची धरून उठबस करताना शेवटच्या एक-दोन वेळा कठीण वाटाव्यात, परंतु ढब बिघडू नये, एवढा भार योग्य होय. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जवळ साखर ठेवावी.

एक साधी वही करावी. तीत दिनांक, व्यायामाचा प्रकार, मिनिटे, दहापैकी श्रमांक आणि काही त्रास झाल्यास त्याची नोंद असावी. तपासणीस येताना ती वही सोबत आणली, तर डॉक्टरांना पाच मिनिटांत महिन्याभराचे चित्र दिसते.

केव्हा थांबावे?

छातीत दडपण, जबडा, खांदा किंवा हातात पसरणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, थंड घाम, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत अनियमित धडधड यांपैकी काहीही जाणवल्यास व्यायाम तत्क्षणी थांबवावा. काही मिनिटांच्या विश्रांतीने त्रास न शमल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्रास लगेच शमला तरी डॉक्टरांना दाखविल्याखेरीज व्यायाम पुन्हा सुरू करू नये. मधुमेहाच्या रुग्णांत हृदयविकाराचा झटका वेदनेविना येऊ शकतो, म्हणून त्यांची असाधारण धाप वा थकवा अधिक गांभीर्याने घ्यावा. हृदयविकार, हृदयाच्या झडपेचा दोष, अनियंत्रित रक्तदाब, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यास झालेली इजा किंवा अलीकडेच पडल्याचा प्रसंग असेल, तर तपासणी आधी आणि व्यायाम नंतर, हा क्रम पाळावा.

ज्येष्ठ महिन्यात त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या श्री निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत कित्येक वयोवृद्ध वारकरी तीन आठवड्यांहून अधिक काळ पायी चालतात. त्यांची चाल संथ असते, टप्पे ठरलेले असतात, विसावे नेमलेले असतात आणि मुखी भजन असते. श्वास पुरेल एवढ्याच गतीने चालण्याचे हे शहाणपण आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे. आज त्याला नाडी, श्रमांक आणि वहीची जोड देता येते.

या साऱ्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक मोकळी मार्गिका, हात नसलेली भक्कम खुर्ची आणि सेकंदकाट्याचे घड्याळ. खरे मोल आहे ते प्रत्येक ज्येष्ठाजवळ शांतपणे बसून त्याची मात्रा ठरवून देणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीच्या वेळाचे. विश्वस्त व देणगीदार यांच्या साहाय्याने चालणाऱ्या रुग्णालयांत तो वेळ गरजू रुग्णासही मिळू शकतो, हे अशा दानाचे मोठे फलित होय. उरलेले काम घरचे आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना बसवून न ठेवता, आणि धावडवूनही न घेता, त्यांच्या स्वतःच्या शक्तीच्या मापाने त्यांना चालते ठेवावे, हीच नम्र विनंती.